विकतचे शिक्कामोर्तब

गेल्या पावसाळ्यातील एका संध्याकाळी या दैनिकाच्या नावाने एक बातमी शहरभर फिरली. अतिवृष्टीमुळे उद्या सर्व शाळा बंद राहतील, असे तीत म्हटले होते. बातमीच्या माथ्यावर आमचे नाव होते, आमच्या मथळ्याचे वळण होते आणि नावापुढे ती सुप्रसिद्ध निळी खूणही होती. बातमी आमची नव्हती. ते खातेही आमचे नव्हते. निळी खूण मात्र अस्सल होती. कारण जी समाजमाध्यम कंपनी ती खूण देते, तिनेच दरमहाची वर्गणी घेऊन ती त्या तोतयाच्या नावापुढे लावून दिली होती. दुसऱ्या दिवशी शाळा भरल्या आणि निम्मी बाके रिकामी राहिली. चाचणी परीक्षेला मुकलेल्या मुलांच्या पालकांनी आमच्या कार्यालयातील दूरध्वनी दिवसभर खाली ठेवू दिला नाही. त्यांचा संताप अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी खूण पाहिली होती, आणि खूण पाहून विश्वास ठेवण्यास त्यांना गेली पंधरा वर्षे शिकविण्यात आले होते.

आम्ही त्याच रात्री कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आले ते माणसाचे नव्हते, यंत्राचे होते. त्या खात्याकडून कोणत्याही नियमाचा भंग झालेला नाही, असा निर्वाळा त्या यंत्राने दिला. गंमत अशी की त्याच सुमारास आमच्या खऱ्या, परंतु बिनखुणेच्या खात्यावर एक जाहिरात झळकू लागली होती. आपली ओळख सिद्ध करावयाची असल्यास दरमहा अमुक रुपये भरा, असे आवाहन तीत होते. अकराव्या दिवशी तोतया खाते नाहीसे झाले. तोवर वरात निघून गेली होती आणि घोडे मागून येत होते. अशी वर्गणी आज एकाहून अधिक कंपन्या घेतात. आमच्या बाबतीत ती कोणती, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. दोष एका कंपनीचा असता तर आम्ही खासगी पत्र लिहून स्वस्थ बसलो असतो. दोष पद्धतीचा आहे, म्हणून हा विषय पहिल्या पानावर आणणे भाग पडले.

आणखी एक गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवणे बरे नव्हे. ती वर्गणी अखेर आम्हीही भरली. आज आमच्या नावापुढेही ती निळी खूण आहे. ती घेतली नसती तर दुसरा तोतया उभा राहिल्यावर खूण त्याच्याकडे आणि खुलासा आमच्याकडे, अशी आमची स्थिती झाली असती. परंतु ज्या खुणेचे पैसे आम्ही स्वतः मोजले आहेत, तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हांस नक्कीच आहे. त्या अधिकाराने आम्ही सांगतो की, आमच्या नावापुढील ती खूण पाहून आमच्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही कोण आहोत हे ती सांगत नाही. आम्ही पैसे भरले आहेत, एवढेच ती सांगते.

वृत्तपत्राजवळ निदान खुलासा छापण्यास कागद असतो. सामान्य माणसाजवळ तोही नसतो. ज्यांच्या हाताखाली आम्ही एके काळी शिक्षकाची नोकरी केली, ते एक मुख्याध्यापक आज निवृत्त आहेत. त्यांचे नाव आणि छायाचित्र वापरून कोणी खाते उघडले आणि त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडे शस्त्रक्रियेसाठी मदत मागितली. विद्यार्थी कृतज्ञ निघाले, हेच त्या सज्जनांचे दुर्दैव. अनेकांनी चौकशी न करता रकमा धाडल्या. पुढील कित्येक आठवडे हा वृद्ध माणूस एकेका विद्यार्थ्याला दूरध्वनी करून, आपण न केलेल्या याचनेबद्दल क्षमा मागत होता. खुणेसाठी वर्गणी भरा, असा सल्ला कोणी तरी त्यांना दिला तेव्हा त्यांनी विचारलेला प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. ते म्हणाले, ‘माझेच नाव वापरण्यासाठी मी दरमहा भाडे का भरावे?’

या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर ही खूण जन्मास कशी आली हे पाहिले पाहिजे. २००९ साली अमेरिकेतील सेंट लुई कार्डिनल्स या बेसबॉल संघाचे व्यवस्थापक टोनी ला रूसा यांनी ट्विटर कंपनीवर फिर्याद केली. त्यांच्या नावाने कोणी बनावट खाते चालविले होते आणि त्यावर त्यांच्या संघातील खेळाडूंच्या मृत्यूविषयी हीन विनोद केलेले होते. त्याच वर्षीच्या जून महिन्यात कंपनीने पडताळणी केलेल्या खात्यांची योजना जाहीर केली. नामवंत व्यक्ती आणि सार्वजनिक संस्था यांची खाती तपासून त्यांपुढे निळी खूण लावण्यास सुरुवात झाली. हेतू सरळ होता. हा माणूस तोच आहे, एवढेच ती खूण सांगणार होती. तो खरे बोलतो, तो थोर आहे, किंवा त्याचे मत कंपनीला मान्य आहे, असे ती सांगत नव्हती.

परंतु खूण देण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याच्या हातून ती लवकरच मानाची वस्तू होते. कोण नामवंत आणि कोण नाही, हे परदेशातील एका कचेरीत बसून ठरविले जाऊ लागले. अर्ज कोणत्या कसोटीवर स्वीकारला जातो आणि कोणत्या कारणाने फेटाळला जातो, याचा उलगडा अर्जदाराला क्वचितच होई. २०१७ साली शार्लट्सव्हिल येथील वर्णद्वेषी मेळाव्याच्या संघटकाला ही खूण मिळाली आणि अमेरिकेत काहूर उठले. तेव्हा ओळखीची ही खूण लोक पसंतीची पावती किंवा मोठेपणाचे लक्षण समजू लागले आहेत, अशी कबुली देऊन कंपनीने ती सर्वसाधारण अर्जदारांना देण्याचे थांबविले. २०२१ च्या मे महिन्यापर्यंत हे दार लोकांना बंद होते. आतून मात्र ते काहींसाठी किलकिले होत असे.

आपल्या देशातही याचे पडसाद उमटले. २०१९ च्या नोव्हेंबर महिन्यात दलित, आदिवासी आणि मागासवर्गीय वापरकर्त्यांनी, ही खूण देताना जातीचा पक्षपात होतो, असा आरोप उघडपणे केला. कंपनीने तो नाकारला. आरोप कितपत खरा, हे बाहेरच्या कोणालाही तपासता येण्याजोगे नव्हते आणि खरी तक्रार तीच होती. जेथे निकष झाकलेले असतात तेथे नि:पक्षपाती निर्णयावरही पक्षपाताची सावली पडते. पुढे ५ जून २०२१ रोजी तत्कालीन उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या वैयक्तिक खात्यावरील खूण नाहीशी झाली आणि गदारोळ होताच काही तासांत परत आली. खाते दीर्घ काळ वापरात नव्हते, असे कारण सांगण्यात आले. उपराष्ट्रपतींची खूण काही तासांत परत येते. आमच्या मुख्याध्यापकांसाठी गदारोळ कोणी करावयाचा?

दरबारी मानमरातबाची ही पद्धत मोडलीच पाहिजे होती. त्यामुळे २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात ४,४०० कोटी डॉलरला ही कंपनी विकत घेणाऱ्या इलॉन मस्क यांनी जुनी पद्धत म्हणजे उमराव आणि रयत असा भेद होय, असे म्हटले, तेव्हा त्यांच्या निदानाशी आमचे भांडण नव्हते. भांडण उपायाशी आहे. उमरावकी रद्द करण्याऐवजी त्यांनी ती दरमहा आठ डॉलरला विक्रीस काढली. त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ही विक्री सुरू होताच तोतयांचा सुळसुळाट झाला. १० नोव्हेंबर रोजी एलाय लिली या औषध कंपनीचे नाव धारण केलेल्या आणि निळी खूण मिरविणाऱ्या एका खात्याने, इन्शुलिन यापुढे मोफत मिळेल, अशी घोषणा केली. खऱ्या कंपनीला दिलगिरी व्यक्त करून खुलासा करावा लागला. दुसऱ्या दिवशी तिच्या शेअरचा भाव चार टक्क्यांहून अधिक उतरला. ही सर्व घसरण त्या एका ओळीमुळेच झाली, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु इन्शुलिनच्या किमतीने मेटाकुटीस आलेल्या देशात, मोफत औषधाची वार्ता खरी मानून क्षणभर ज्यांचा जीव भांड्यात पडला असेल, त्या रुग्णांची आठवण आम्हांस शेअरबाजारापेक्षा अधिक अस्वस्थ करते. विक्री तात्पुरती बंद झाली आणि १२ डिसेंबर रोजी, थोडी डागडुजी करून, पुन्हा सुरू झाली.

यानंतरचा अंक प्रहसनाचा होता. २० एप्रिल २०२३ रोजी, ज्यांना पूर्वी तपासणी करून विनामूल्य खूण मिळालेली होती, त्यांच्या नावांपुढून ती काढून टाकण्यात आली. आपण पैसे भरले आहेत तेव्हा आपली खूण परत द्यावी, अशी हात जोडून केलेली अमिताभ बच्चन यांची मिश्किल विनवणी त्या वेळी सर्वतोमुखी झाली. चार दिवसही उलटले नाहीत तोच मोठा अनुयायी वर्ग असलेल्या अनेक खात्यांवर ती खूण आपोआप उगवली. त्यांत अभिनेते चॅडविक बोसमन आणि बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांचीही खाती होती. हे दोघेही २०२० साली मरण पावलेले आहेत. तरीही, या व्यक्तीने वर्गणी भरली आहे आणि आपला दूरध्वनी क्रमांक पडताळून घेतला आहे, असे त्या खुणेखाली लिहून येत होते. जी पडताळणी मेलेल्या माणसाकडून दूरध्वनी क्रमांकाची खात्री करून घेते, तिला पडताळणी म्हणणे हा भाषेवरचा अत्याचार आहे.

भारतात या वर्गणीचे आगमन २०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात झाले. मोबाइलवरून घेतल्यास दरमहा ९०० रुपये आणि संगणकावरून घेतल्यास ६५० रुपये, असा तिचा त्या वेळचा दर होता. त्याच वर्षीच्या जून महिन्यात फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांच्या मालक कंपनीनेही दरमहा ६९९ रुपयांची आपली योजना येथे आणली. या दुसऱ्या योजनेत सरकारी ओळखपत्र पाहिले जाते, हा फरक न्यायबुद्धीने नोंदविला पाहिजे. परंतु मूळ विसंगती तेथेही राहतेच. पैसे भरणे थांबले की खूण जाते. म्हणजे एक तारखेला जो माणूस तो स्वतः होता, तो पुढच्या एक तारखेला तो स्वतः उरत नाही काय? ओळख ही एकदा पटवावयाची वस्तू आहे. ती भाडेपट्ट्याने कशी घेता येईल?

येथे कोणी म्हणेल की, तपासणीला खर्च येतो आणि तो कोणी तरी सोसलाच पाहिजे. हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. शुल्क घेण्यात पाप नाही. विद्यार्थी परीक्षेची फी भरतात. परंतु फी भरली म्हणून कोणी उत्तीर्ण होत नाही आणि उत्तीर्ण झालेल्याचे प्रमाणपत्र पुढल्या महिन्याची फी चुकली म्हणून कोणी काढून घेत नाही. परीक्षेची फी आणि उत्तीर्णतेची किंमत यांतील हे अंतर ज्या विद्यापीठाने पुसले, त्याच्या पदवीला बाजारात काय मोल राहील? सोन्याचेच उदाहरण घ्या. २०२१ च्या जूनपासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या विशिष्ट क्रमांकाशिवाय दागिना विकण्यास मनाई झाली. सराफाला तेथेही शुल्क द्यावे लागते. परंतु कस लावणारे केंद्र सराफाचे नसते आणि दुप्पट शुल्क भरले म्हणून पितळेवर ती मुद्रा उमटत नाही. समाजमाध्यमांच्या बाजारात सराफ, कस लावणारा आणि मुद्रा विकणारा हे तिघेही एकच आहेत. मग नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा प्रकार झाला तर नवल कसले?

आणखी एक युक्तिवाद केला जातो. हजारो बनावट खाती यंत्राकरवी चालविणाऱ्यांना प्रत्येक खात्याचे पैसे मोजणे परवडणार नाही, म्हणून वर्गणीमुळे लबाडीला आळा बसेल, असे सांगतात. भुरट्या चोरांपुरते हे खरे असेलही. परंतु ज्याला एका निवृत्त शिक्षकाच्या नावावर लाख रुपये उकळावयाचे आहेत, त्याला काही शे रुपये म्हणजे धंद्याचे भांडवल वाटते. गरीब आणि प्रामाणिक माणूस जेथे मागे हटतो तेथे श्रीमंत लबाड बिनदिक्कत पुढे सरकतो, अशी ही चाळण आहे.

महाराष्ट्राला तरी तोतयाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. पानिपतच्या रणांगणावर १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले. त्यानंतर काही वर्षांनी, आपणच भाऊसाहेब आहोत, असे सांगणारा इसम उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. परंतु १७७६ साली रत्नागिरीस, ज्या अधिकाऱ्याच्या ताब्यात तो होता त्यानेच त्याला खरा भाऊ म्हणून मोकळे केले आणि बघता बघता कोकणात बंड पसरले. ते मोडण्यास पेशवाईला फौज धाडावी लागली. अखेर त्याच वर्षी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी नाटक लिहिले आणि ‘तोतयाचे बंड’ हा शब्दप्रयोग मराठीत रुजला. तोतयाचा चेहरा किती सारखा होता, याची चर्चा पुष्कळ झालेली आहे. आमच्या मते त्या इतिहासातील खरा धडा निराळा आहे. तोतया नुसता तोतया होता तोवर तो कैदी होता. ज्याच्यावर ओळखीच्या पहाऱ्याची जबाबदारी होती त्याने मान्यता दिली, त्या दिवसापासून तो संकट झाला.

आपले जुने कारभारी शिक्क्याचे महत्त्व ओळखून होते. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब, अशी त्या काळची रीत होती. त्यावरूनच शिक्कामोर्तब हा शब्द आपण आजही वापरतो. माथ्यावरचा शिक्का पत्र कोणाचे हे सांगे; तळाची छोटी मुद्रा मजकुराची मर्यादा येथे पूर्ण झाली असे सांगे. त्या मुद्रेखाली कोणी एक ओळ अधिक घुसडू शकत नसे. आजच्या निळ्या खुणेला नेमकी मर्यादाच नाही. ती एका ठिकाणी ओळख सांगते, दुसऱ्या ठिकाणी प्रतिष्ठा सांगते, तिसऱ्या ठिकाणी केवळ पावती असते. आणि वाचकाने मात्र तिचा एकच अर्थ घ्यावा, अशी अपेक्षा असते.

युरोपने या गोंधळाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली आहे. ५ डिसेंबर २०२५ रोजी युरोपीय आयोगाने आपल्या डिजिटल सेवा कायद्याखाली, आता एक्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीस बारा कोटी युरोचा दंड ठोठावला. त्याच्या कारणांत निळी खूण हे एक प्रमुख कारण होते. खात्यामागे कोण आहे याची अर्थपूर्ण तपासणी न करता, पैसे भरणाऱ्या कोणालाही पडताळणी झाल्याची खूण देणे ही वापरकर्त्यांची दिशाभूल होय, असे आयोगाने ठरविले. या निर्णयाची न्यायालयीन वाट पुढे कशीही जावो. फसवणूक करणारा तोतया जसा दोषी तसा त्याला खूण विकणाराही उत्तरदायी, हे तत्त्व एकदा उच्चारले गेले, याला आम्ही मोल देतो.

आणि आपण? आपल्याकडे कायदा नाही असे नाही. बनावट ओळख धारण करून संगणकाद्वारे फसवणूक करणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत तोतयेगिरीची तक्रार येताच २४ तासांत ती सामग्री हटविण्याचे बंधन कंपन्यांवर घालण्यात आले. त्याच नियमांतील चौथ्या नियमाचे सातवे पोटकलम तर आमच्या मुख्याध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तरच आहे. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांनी, ज्याला स्वेच्छेने आपल्या खात्याची पडताळणी करून घ्यावयाची असेल त्याला, त्याच्या चालू मोबाइल क्रमांकासारख्या साधनाने ती करून घेण्याची सोय द्यावी आणि सर्वांना दिसेल अशी खूण द्यावी, असे ते पोटकलम सांगते. या पडताळणीसाठी दिलेली माहिती संमतीवाचून अन्य कामासाठी वापरू नये, असेही त्यात म्हटले आहे. नामवंत व्यक्ती हा शब्द त्यात नाही. शुल्काविषयी मात्र ते मौन बाळगते, आणि या मौनातूनच बाजाराने आपली वाट काढली. नागरिकाचा हक्क म्हणून जे लिहिले गेले, ते ग्राहकाची चैन म्हणून विकले जात आहे आणि शासन हे उघड्या डोळ्यांनी पाहात आहे.

आमची मागणी अवाजवी नाही. ओळखीची खूण आणि वर्गणीदाराची खूण या दोन निराळ्या खुणा असाव्यात. त्यांचा रंग आणि आकारही निराळा असावा. ज्याला अधिक लांबीचे लेख लिहावयाचे आहेत किंवा आपले लिखाण अधिकांस दिसावे असे वाटते, त्याला कंपनीने सुखाने वर्गणी आकारावी; परंतु त्या पावतीला पडताळणी म्हणू नये. ओळखीची पडताळणी मागेल त्या नागरिकाला विनामूल्य, किंवा फार तर एकदाच घेतल्या जाणाऱ्या अल्प शुल्कात मिळावी. खुणेवर बोट ठेवताच कोणत्या पुराव्यावरून आणि कोणत्या दिवशी पडताळणी झाली, हे वाचकाच्या भाषेत लिहून यावे. वृत्तपत्र, रुग्णालय, शाळा, बँक किंवा सरकारी कचेरी यांचे नाव धारण करणाऱ्या खात्याला, त्या संस्थेकडे विचारणा केल्यावाचून कोणतीही खूण देऊ नये. आणि तोतयेगिरीच्या तक्रारीचा निकाल माणसाने, कारण देऊन करावा; तो अमान्य असल्यास दाद कोठे मागावयाची, हेही सांगावे.

इतके मागत असताना एक इशारा देणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. तोतयांच्या उपद्रवाने त्रासलेले लोक कधी कधी दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येकाने सरकारी ओळखपत्र दाखविल्याखेरीज समाजमाध्यमांवर तोंड उघडू नये, अशी सक्ती करावी असे म्हणतात. ही सक्ती आम्हांस मान्य नाही. गोपाळ हरी देशमुख यांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात आपल्या समाजाचे कठोर परीक्षण करणारी शतपत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावाने. ते सरकारी नोकरीत होते आणि समाजाचा रोषही ठाऊक होता. त्या काळी प्रत्येक पत्रलेखकाकडे ओळखपत्र मागितले गेले असते तर महाराष्ट्र किती गोष्टींना मुकला असता! टोपणनाव घेणारा दुसऱ्याचे नाव चोरीत नाही; तो आपले नाव झाकतो. तोतया दुसऱ्याचे नाव चोरतो. या दोघांना एकाच दोरीने बांधणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे होय. पडताळणी मागणाऱ्याला ती मिळावी; न मागणाऱ्याच्या पाठीस ती लागू नये.

सरकारी संस्थांनीही स्वतःच्या दाराशी पाहावे. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर दोनच दिवसांनी, पाण्याचा लोंढा येत असल्याची अफवा उठली आणि मुंबईत जुहूच्या नेहरूनगरात चेंगराचेंगरी होऊन लहान मुलांसह अनेकांचे प्राण गेले. तेव्हा समाजमाध्यमे अशी घरोघर नव्हती. अफवा तोंडोतोंडी गेली. आज तीच अफवा महापालिकेच्या नावाने, बोधचिन्हासह आणि निळ्या खुणेसह, दहा मिनिटांत सर्व शहरात पोहोचेल. अशा वेळी खरे खाते कोणते हे पडताळण्यास नागरिकाने कोठे जावे? महापालिका, पोलीस आणि जिल्हाधिकारी यांनी आपल्या अधिकृत खात्यांची यादी आपल्या संकेतस्थळावर, प्रभाग कचेऱ्यांच्या फलकांवर आणि पाणीपट्टीच्या बिलांवर छापावी. या कामाला कोणत्याही परदेशी कंपनीच्या संमतीची गरज नाही आणि खर्चही नगण्य आहे.

राहता राहिले आपण, म्हणजे वाचक. निळी खूण पाहिली की शंका विसरण्याची जी सवय आपणांस जडली आहे ती मोडणे आपल्याच हाती आहे. बातमी महत्त्वाची असेल तर ती ज्याच्या नावावर आली आहे त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा छापील अंकात ती आहे काय, हे पाहावे. ओळखीच्या माणसाने पैसे मागितले तर त्याच्या जुन्या, आपल्याजवळ असलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करून त्याचा आवाज ऐकावा आणि आवाजाचीही नक्कल होऊ शकते, हे ध्यानात ठेवून त्याला आणि आपल्यालाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट विचारावी. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे तासातासाला महत्त्व असते. फसलेला माणूस मूर्ख नसतो. आमच्या मुख्याध्यापकांचे विद्यार्थी तर केवळ कृतज्ञ होते.

आमच्यापुरते आम्ही काय करणार, हे सांगून हा लेख पुरा करतो. प्रत्येक वृत्तपत्राच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता असतो. वाचक ती ओळ सहसा वाचीत नाहीत. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे छापणे बंधनकारक केले, त्यामागे परकी सरकारचा हेतू आमच्यावर नजर ठेवण्याचा होता. परंतु कालांतराने ती ओळ आमच्या वाचकांची सनद झाली. आम्ही खोटे छापले तर कोणाच्या नावाने फिर्याद लावावयाची, हे ती सांगते. उद्याच्या अंकापासून त्या ओळीला जोडून आमच्या सर्व अधिकृत खात्यांची नावे रोज छापली जातील. त्या यादीत नाही ते खाते आमचे नाही, मग त्यापुढे कोणत्याही रंगाची खूण असो. आणि त्या यादीतील खात्यावर जे काही येईल, त्याबद्दल त्याच ओळीत ज्याचे नाव आहे तो संपादक जबाबदार राहील. हे शिक्कामोर्तब आम्ही कोणाकडून विकत घेतलेले नाही.